घरामागच्या उताराला रिटेनिंग वॉल: पोकळ ब्लॉक घ्यावेत की भरीव?

सड्याखालचा

गुहागर तालुक्यात उताराच्या जागेवर घराचं काम चालू आहे. समुद्र सरळ रेषेत साधारण ७०० मीटर. घराच्या मागे डोंगर कापून सपाटी केली आहे आणि तिथे १२ मीटर लांब, जमिनीपासून १.८ मीटर उंच रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) हवी आहे. कापलेल्या भागात वर दीड-दोन फूट तांबडी माती, खाली जांभा, आणि अगदी तळाशी पिवळट चिकण माती लागली आहे. घर आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवून मागे अजून दीड मीटर कापता येईल, त्याहून जास्त नाही.

ब्लॉकवाला म्हणतो ८ इंची पोकळ ब्लॉक घ्या, हलके पडतात, स्वस्त पडतात आणि पाणी पोकळीतून निघून जातं. गवंडी म्हणतो पोकळ ब्लॉक कंपाउंडला ठीक, मातीला भरीवच हवेत. ८ इंची भरीव ब्लॉकची एकेरी भिंत आणि दर ३ मीटरला पिलर पुरे. चिरे अर्ध्या तासावरच्या खाणीतून मिळतात. नेमकं काय निवडावं? काम एप्रिलअखेर संपवायचं आहे.

ओळंबा

दोघांचंही अर्धं बरोबर आहे आणि दोघांनीही तुम्हाला आकडा दिलेला नाही. तो आधी काढू.

कोरडी, निचरा होणारी माती धरली, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि घर्षणकोन ३० अंश, तर १.८ मीटर उंचीला माती भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण ९.७ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास एक टन आडवा जोर लावते. हा जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो, म्हणून भिंत पुढे उलथवणारा मोमेंट (जोर गुणिले तळापासूनचं अंतर) ५.८ किलोन्यूटन-मीटर.

आता गवंड्याची ८ इंची भरीव भिंत घ्या. जाडी ०.२ मीटर, उंची १.८ मीटर, वजन मीटरला सुमारे ७.९ किलोन्यूटन. उलथू पाहणाऱ्या भिंतीला स्वतःचं वजन मागे ओढतं ते जाडीच्या निम्म्या अंतरावरून, म्हणजे ०.१ मीटरवरून. विरोध झाला ०.८ किलोन्यूटन-मीटर. हवेत ५.८. सातपट कमी. ब्लॉक भरीव आहे म्हणून भिंत भरीव होत नाही. ३ मीटरवरच्या पिलरनी पिलर उभे राहतील, मधली भिंत पोट काढील.

पोकळ ब्लॉक रिकामे ठेवले तर वजन अजून कमी, गोष्ट तिथेच संपली. पण पोकळीत सळई आणि काँक्रीट भरलं की ती वेगळीच भिंत होते. मग ती वजनावर उभी राहत नाही, पायातून वर आलेल्या सळयांवर उभी राहते.

तेव्हा प्रश्न असा लावा: माती वजनानं अडवायची की सळईनं? वजनानं अडवायची तर भरीव माल (जांभा, काळा दगड किंवा भरीव ब्लॉक) आणि तळाशी उंचीच्या ०.६ पट जाडी. सळईनं अडवायची तर पोकळ ब्लॉक, प्रत्येक पोकळी भरलेली, खाली आरसीसी पाया. यांच्या मधलं काही नाही.

आणि दोन्हीत पाणी हा निकाल लावणारा भाग आहे. याच भिंतीमागे पावसाळ्यात पाणी काठोकाठ तुंबलं तर जोर ९.७ वरून २१ किलोन्यूटनवर जातो आणि मोमेंट १२.६ वर. दुपटीहून जास्त. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात आणि तळाशी चिकण माती असताना हे 'तर' नाही, जुलैत होणारच आहे, निचरा केला नसेल तर.

एक विचारायचं राहिलं: वरच्या पायरीवर काय येणार आहे? झाडं, वाट, गाडी?

चिरेबंद

ओळंबांनी सांगितलेली वजनाची भिंत चिऱ्यात कशी येते ते मांडतो. चिरे अर्ध्या तासावर असताना ब्लॉकचा विचार करायचं मला तरी कारण दिसत नाही.

१.८ मीटरसाठी तळाला १.१ मीटर, माथ्याला ४५० मिमी. पुढची बाजू ओळंब्यात ठेवा किंवा मीटरला ५०–६० मिमी मागे कलती घ्या. जाडी कमी करायची ती मागच्या बाजूनं, पायऱ्या पायऱ्यांनी. मागच्या पायऱ्यांवर माती बसते आणि तिचं वजन भिंतीच्याच बाजूनं काम करतं. उलट, मागची बाजू सरळ आणि पुढची उतरती बांधली तर तेवढाच माल लागून ही मदत मिळत नाही.

हिशोब: सरासरी जाडी ०.७७५ मीटर, गुणिले १.८, गुणिले १२, म्हणजे जवळपास १७ घनमीटर, सहा ब्रास. १४ × ९ × ७ इंचाचा चिरा धरला तर घनमीटरला ६० च्या आसपास, एकूण एक हजार चिरे. फुटतूट धरून १,०८० मागवा. पायातले थर वेगळे. खाणीगणिक माप बदलतं, म्हणून आधी दहा चिरे मोजून घ्या.

चिरा बघताना तीन गोष्टी. रंग गडद तांबडा-तपकिरी हवा, पिवळी-पांढरी मातीची भोकं भरलेला चिरा बाजूला काढा, कारण ती माती धुपली की तिथून चिरा पोकळ होतो. नुकता कापलेला चिरा मऊ असतो, हवेवर घट्ट होतो; खाणीतून आला तसा लगेच लावू नका, महिनाभर मोकळा रचून ठेवलेला बरा. आणि हातोडीनं ठोकला की आवाज बद्द आला तर नको.

बांधताना सगळ्यात जास्त चुकतं ते आतलं. पुढे चिऱ्यांचा एक थर, मागे एक थर, मध्ये फुटके तुकडे आणि माती टाकून वर मसाला ओतला, की दोन पातळ भिंती उभ्या राहतात, एक जाड भिंत नाही. पहिल्या-दुसऱ्या पावसात पुढची सोलून सुटते. दर दुसऱ्या थरात, मीटरला किमान एक, चिरा आडवा घालून पुढचं-मागचं जोडा. तळात १.१ मीटर जाडीला एक चिरा पुरणार नाही, तिथे चिरे एकमेकांवर चढवून घ्या. मसाला १:५ (सिमेंट:वाळू), मधल्या फटीही मसाल्यानंच भरायच्या.

पुढून प्लास्टर करू नका. जांभा पाणी पितो आणि सोडतो; प्लास्टर केलं की पाणी मागे अडतं आणि दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. दरजा भरल्या की झालं.

बांधावरचो

एक सोप्पा सांगतंय. घराच्या आणि वरच्या जागेच्या पागोळ्यांचा पाणी खय सोडतल्यात ता आधी ठरवा. भिंतीच्या पाठसून शोषखड्डो नको, टाकीचो ओव्हरफ्लो नको, नारळाची आळी नको. ह्या जमला नाय तर चिरो घाला नायतर ब्लॉक, भिंत पुढे येतलीच.

सड्याखालचा

सगळ्यांचे आभार. वरच्या पायरीला मागच्या रस्त्यावरून प्रवेश आहे, तिथे पुढेमागे एक गाडी उभी करायचा विचार होता. शोषखड्डा सध्या नेमका भिंतीमागे दाखवला आहे, तो हलवतो.

जागेचं गणित: मागे दीड मीटरच कापता येतं. चिऱ्याच्या भिंतीला १.१ मीटर आणि मागे निचऱ्याची खडी, म्हणजे जेमतेम बसतं. पोकळ ब्लॉकची भिंत ८ इंचच असल्यानं जागा वाचेल ना? आणि ती नेमकी कशी भरायची?

ओळंबा

जागा वाचत नाही, हाच मोठा गैरसमज. भिंत ८ इंच असते, पाया नसतो. १.८ मीटरच्या भरलेल्या पोकळ भिंतीला पाया १.२ मीटर रुंद आणि २५० मिमी जाड लागतो: पुढे घराच्या बाजूला २५० मिमी, भिंत २००, आणि मागे मातीखाली ७५० मिमी. ही मागची टाच महत्त्वाची, कारण तिच्यावरची माती पायाला दाबून धरते. कापायला जागा दोन्हीला जवळजवळ तेवढीच. फरक इतकाच की टाच मातीखाली जाते आणि वरची जमीन तुम्हाला परत मिळते.

गाडीचं बोलू. भिंतीच्या काठापर्यंत गाडी येणार असेल तर चौरस मीटरला १० किलोन्यूटन जादा भार धरतात. त्यानं तुमच्या भिंतीवरचा मोमेंट ५.८ वरून ११.२ होतो, जवळपास दुप्पट. मग चिऱ्याची भिंत तळाला १.१ नाही, सुमारे १.४५ मीटर लागते, जी तुमच्या दीड मीटरात निचऱ्यासह बसत नाही. आणि ८ इंची भरलेला पोकळ ब्लॉकही मग पुरत नाही. कितीही सळया घातल्या तरी पुढच्या बाजूचं चिरडणं आडवं येतं. त्यापेक्षा गाडीची जागा भिंतीपासून निदान १.८ मीटर, म्हणजे भिंतीच्या उंचीएवढी मागे घ्या आणि मध्ये हातभर उंच गडगा घालून चाकं अडवा. फुकटात जवळपास निम्मा मोमेंट गेला.

सळई-ब्लॉकच्या भिंतीचं डिझाइन मात्र स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून सहीनिशी घ्या. मी देतो ते आकडे अंदाजपत्रकाला आणि कंत्राटदाराशी बोलायला.

थापी-घमेलं

भरायची पद्धत मी सांगतो, कारण कागदावर बरोबर आणि साइटवर चूक असं इथेच होतं.

पाया घराच्या बाजूच्या जमिनीच्या निदान ४५० मिमी खाली, कडक मुरूम किंवा जांभ्यावर. तुमच्याकडे तळाला चिकण माती आहे, ती लागली तर तिच्यावर बसू नका. काढून दगडी सोलिंग आणि १०० मिमी कोबा. मऊ माती असेल तर १२ मीटर एकदम कापून उघडं ठेवू नका, ४-४ मीटरचे तीन तुकडे करा.

पायाच्या सळईत नेहमीची चूक: सगळी जाळी खाली टाकतात. टाचेवर वरून माती दाबते म्हणून टाचेत मुख्य सळई वरच्या बाजूला हवी. पुढच्या बोटात, म्हणजे पायाच्या घराकडच्या भागात, खालच्या बाजूला. कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) ५० मिमी, मातीत काँक्रीटचे ठोकळे, विटांचे तुकडे नाही.

पायातून वर येणाऱ्या उभ्या सळया १२ मिमी, दर २०० मिमीला, म्हणजे ४०० च्या ब्लॉकच्या दोन्ही पोकळ्यांत एकेक. १२ मीटरला ६१ सळया. पायाच्या वर ६०० मिमी ठेवा, कारण लॅप, म्हणजे सळईला सळई जोडताना एकमेकींवर घ्यायची लांबी, सळईच्या जाडीच्या ५० पट. इथे मापात चूक झाली की सळई पोकळ्यांच्या मधल्या पडद्यावर येते आणि मग गवंडी तिला वाकवतो. त्यापेक्षा पाया ओतण्याआधी पहिला थर सुका मांडून सळईच्या जागा दोरीवर खुणा करून घ्या.

सळई पोकळीत कुठे? मातीच्या बाजूला. भिंत पुढे वाकते तेव्हा ताण मागच्या बाजूला येतो, मधोमध ठेवलेली सळई कमी काम करते, पुढे ठेवलेली जवळजवळ नाहीच. मागच्या कवचापासून २५ मिमी काँक्रीट सुटेल एवढी आत.

ब्लॉक १:४ मसाल्यात, सांधे १० मिमी. नुसत्या बाहेरच्या कडांना मसाला लावून चालत नाही, मधल्या पडद्यावरही लावायचा, नाहीतर भरताना सिमेंटचं दूध फटीतून निघून जातं आणि खडी कोरडी राहते. प्रत्येक ब्लॉक ठेवल्यावर आत पडलेला, पोकळीत बाहेर आलेला मसाला थापीनं काढून घ्यायचा. तळाच्या थरात दर दुसऱ्या पोकळीला पुढच्या बाजूनं मुठीएवढं भोक पाडून ठेवा. त्यातून पडलेला मसाला काढता येतो आणि काँक्रीट खालपर्यंत पोचलं की नाही ते दिसतं. मग फळी लावून बंद.

भरायचं काँक्रीट एम-२५, खडी १० मिमीच्या आतली, पातळ. नेहमीच्या स्लॅबच्या काँक्रीटनं ही पोकळी भरत नाही, मध्ये अडकून खाली पोकळ राहतं. एका वेळी तीन थर, ६०० मिमी. १६ मिमीच्या सळईनं हलवत भरा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा हलवा, कारण कोरडा ब्लॉक पाणी ओढतो आणि काँक्रीट बसतं. शेवटच्या थराच्या माथ्यापासून ४० मिमी खाली थांबायचं म्हणजे काँक्रीटचा जोड आणि मसाल्याचा सांधा एका रेषेत येत नाहीत. दर तिसऱ्या थराला पडदे फोडून ८ मिमीच्या दोन आडव्या सळया. दर ६ मीटरला २० मिमीचा उभा जोड, तुमच्याकडे बरोबर मध्ये एक.

माल: २१.६ चौरस मीटर, चौरस मीटरला १२.५ ब्लॉक, म्हणजे २७०. फुटतूट धरून २८५. पोकळ्या भरायला २ घनमीटरहून थोडं जास्त, पाऊण ब्रास. पाया ३.६ घनमीटर. उभ्या सळया स्टार्टरसकट (पायातून वर आलेल्या तुकड्यांसकट) सुमारे १९० किलो, पायाच्या वेगळ्या. भरीव ब्लॉकनं हीच भिंत वजनावर उभी करायची तर ब्लॉक लागतात हजाराच्या वर. ब्लॉकवाला पोकळ स्वस्त म्हणतो ते ब्लॉकच्या नगाचं बोलतो. सळई, भरणं आणि पाया तो धरत नाही.

आणि 'पाणी पोकळीतून निघून जातं' हे डोक्यातून काढा. रिकामी पोकळी तळाला पायावर बंद असते. पाणी आत जातं आणि तिथेच राहतं.

दरज

ब्लॉकची परीक्षा कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो.

भारतीय मानक आयएस २१८५ भाग १ प्रमाणे ब्लॉकची पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या १० टक्के आहे. साइटवर करता येतं: ब्लॉक उन्हात पूर्ण सुकवून वजन घ्या, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, काढून पुसून पुन्हा वजन. सुका ३२ किलो असेल तर भिजलेला ३५.२ च्या वर नको. वर गेला तर क्रश सँडमधली पावडर जास्त किंवा सिमेंट कमी. एका गाडीतले तीन ब्लॉक तपासा, एक नाही.

४०० × २०० × २०० चा भरीव ब्लॉक ३२ ते ३५ किलो भरतो. २७-२८ किलोचा 'भरीव' देत असेल तर तो नीट दाबलेला नाही. पोकळ साधारण १८–२० किलो. कवच ३० मिमीच्या आत असेल तर भरताना फुटतं. ब्लॉक किमान १४ दिवस पाण्यावर राहिलेले आणि मग सुकलेले हवेत. मार्चमध्ये मागणी चढली की सहा-सात दिवसांचा माल सर्रास गाडीत चढतो. कोपऱ्याला नख लावून बघा, पावडर सुटत असेल तर परत पाठवा.

अजून एक. त्याच ब्लॉकवाल्याकडे पांढरे हलके, एका हातात उचलता येणारे एएसी ब्लॉकही असतील, ज्यांना लोक सिपोरेक्स म्हणतात. ते मातीला अजिबात लावू नका.

चिरेबंद

थापी-घमेलं यांची पद्धत चोख आहे, पण समुद्र ७०० मीटरवर आहे हे कोणी धरत नाही. त्या पोकळीत सळईभोवती किती काँक्रीट राहतं? ब्लॉकचं कवच काही आरसीसीच्या कव्हरएवढं घट्ट नसतं. खारी हवा आत गेली की सळई गंजते, फुगते आणि ब्लॉक उभा चिरतो. चिऱ्याच्या भिंतीत गंजायला काहीच नाही. तळकोकणातल्या किल्ल्यांचे जांभ्याचे तट अजून उभे आहेत, आणि त्यात एक सळई नाही.

ओळंबा

तटांच्या जाडीचं मापही सोबत सांगायला हवं होतं. पण मुद्दा बरोबर आहे. आयएस ४५६ किनाऱ्यालगतच्या काँक्रीटला 'तीव्र' गटात टाकतं: आरसीसीला किमान एम-३० आणि ४५ मिमी कव्हर. म्हणून इथे पायाला एम-३० घ्या, आणि वरच्या एम-२५ भरण्याऐवजीही एम-३०च. दोन घनमीटरात सिमेंटच्या दोन-तीन पिशव्यांचा फरक. सिमेंट पीपीसी किंवा स्लॅगचं घ्या, खारटपणाला ते साध्यापेक्षा बरं टिकतं. खाडीची वाळू कुठेही नको, मसाल्यातसुद्धा. आरसीसीत क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे आणि न धुतलेली खाडीची वाळू ती सहज ओलांडते. पाणीही विहिरीचं असेल तर उन्हाळ्यात मचूळ होतं का ते चाखून बघा.

गंज मागच्या, ओल्या बाजूनं आधी येतो आणि तीच सळईची बाजू. म्हणून भिंतीच्या मागच्या अंगाला सिमेंट प्लास्टर १:३ आणि त्यावर डांबरी लेपाचे दोन हात. पुढून उघडीच ठेवा.

तुमच्या जागेला माझं मत चिऱ्याकडे झुकतं. चिरा जवळ आहे, उंची १.८ आहे, गाडी मागे सरकवता येते, सळईचा धोका टळतो. चिऱ्याची गाडी जिथे पोचत नाही किंवा वरची जमीन काठापर्यंत हवी आहे, तिथे भरलेला पोकळ ब्लॉक. भरीव काँक्रीट ब्लॉक इथे तिसरा: चिऱ्याएवढाच नग लागतो, महाग पडतो, आणि मिळतं तेच.

पण चिरा घ्या नाहीतर ब्लॉक, चिऱ्याची १.१ मीटरची भिंतही पाणी तुंबलं की सरकते. तिचं आणि तिच्यावरच्या मातीचं वजन मीटरला ४१ किलोन्यूटन, तळाचं घर्षण निम्मं धरलं तर २०.६ चा विरोध. पाण्यासकट जोर २१. उलथणार नाही, आख्खीच्या आख्खी पुढे येईल. म्हणून निचरा असा:

भिंतीच्या मागे तळापासून माथ्याच्या ३०० मिमी खालपर्यंत, ३०० मिमी जाडीची ४० मिमी खडी. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडणारं, माती अडवणारं), नाहीतर दोन पावसाळ्यांत तांबडी माती खडीत बसते आणि खडीची भिंत होते. कापड भिंतीला चिकटवायचं नाही, मातीच्या बाजूला लावायचं. साइटवर हे उलटं झालेलं बरंच दिसतं. खडीच्या तळाशी १०० मिमी भोकांचा पीव्हीसी पाइप, १०० ला १ उतारानं, दोन्ही टोकांना बाहेर काढलेला. त्याखाली चिकण मातीचा किंवा कोब्याचा थर, म्हणजे पाणी पायाखाली मुरत नाही. शिवाय भिंतीतून ७५ मिमीचे पाइप, दर १.२ मीटरला, खालची ओळ घराच्या बाजूच्या जमिनीपासून २०० मिमीवर, दुसरी ओळ मधोमध आणि आडवी-तिडवी. पाइप बाहेरच्या बाजूला उतरता. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत हे पाइप काँक्रीट भरण्याआधी बसवायचे, नंतर ड्रिल करून सळई कापायची नाही.

माथ्यावरचे ३०० मिमी तांबड्या मातीनं दाबून झाका, आणि त्यामागे सिमेंटचं गटार, भिंतीला समांतर, पाणी बाजूनं काढून नेणारं. वरून वाहत येणारं पाणी खडीत उतरलंच नाही तर पाइपांना काम कमी.

सड्याखालचा

मग चिरा ठरला. गाडी दोन मीटर मागे, शोषखड्डा बाजूला. शेवटचे दोन प्रश्न: भराव कधी टाकायचा? आणि भिंतीवर तीन फूट कंपाउंड चढवलं तर चालेल का?

थापी-घमेलं

चिऱ्याच्या भिंतीला शेवटचा थर झाल्यावर १४ दिवस पाणी मारून मगच भराव. पोकळ ब्लॉकची असती तर २८ म्हटलं असतं. एप्रिलअखेर हवं असेल तर भिंत ५ एप्रिलच्या आसपास पुरी व्हायला पाहिजे, कारण भराव आणि गटार मिळून आठवडा जातो. मे महिन्यात घाईनं बांधून जेसीबीनं एका दिवसात माती लोटलेल्या भिंती जुलैत पोट काढतात. माती मऊ मसाल्यावर एकदम बसते आणि सांधे तेव्हाच हलतात, पावसात फक्त दिसायला लागतं.

भराव २०० मिमीच्या थरांत, हातधुमसानं. भिंतीपासून एक मीटरच्या आत जेसीबी, रोलर काही नको. कापलेली चिकण माती भरावात परत घालू नका, ती बाहेर टाका. मुरूम किंवा जांभ्याचे फुटके तुकडे वापरा. खडी, कापड आणि भराव तिन्ही एकत्र थराथरानं चढवायचे. आधी भराव करून मागाहून खडी ओतायला गेलात तर कापड नीट बसत नाही.

ओळंबा

कंपाउंड चिऱ्याचं किंवा ब्लॉकचं चढवू नका. वाऱ्याचा जोर सगळ्यात वर लागतो आणि तळापासूनचं अंतर जास्त मिळतं. वादळी वाऱ्यात तो मोमेंट थेट तळाला जातो. तार-जाळी लावा, तिच्यातून वारा जातो. खांब माथ्यात ४५० मिमी खोल, काँक्रीटच्या खोबणीत, आणि भिंतीच्या मागच्या निम्म्या जाडीत; पुढच्या कडेला खांब रोवला की तिथला चिरा पहिल्यांदा सुटतो.